अन्नपूर्णाबाईंचा निरोप

रविवार, ९ जानेवारी १९६६

आज उपासनेला एकतीस माणसं. धुकं इतकं होतं की रेल्वे क्वार्टर्समधली कुटुंबं आलीच नाहीत.

दर शनिवारी मंडळीसाठी हिंदीत साप्ताहिक पत्रक लिहितो. कोण आजारी आहे, कुणाकडे लग्न आहे, पुढच्या रविवारचा उतारा कोणता, आणि शेवटी चार ओळी मननाच्या. अकरा वर्षं लिहितो आहे. त्यात न मावणारं इथं मराठीत लिहायचं, असं माझी पत्नी इंदू गेल्यापासून ठरवलं. बनारसमध्ये माझं मराठी आता दोनच ठिकाणी उरलं आहे, या वहीत आणि अन्नपूर्णाबाईंच्या खोलीत. नंदा माझी मुलगी असून मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. तिचा जन्म मिरजेचा, पण वाढली इथं.

या आठवड्याच्या पत्रकात ‘अन्नपूर्णाबाईंसाठी प्रार्थना करावी’ एवढंच लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं नाही. पोटातली गाठ कापण्यापलीकडे गेली आहे. होळी पाहतील असं त्यांना वाटत नाही.

बाई ब्रह्मा घाटावरच्या मराठी वेदपाठी घराण्यातल्या. बालविधवा. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या आणि अडतीस साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून माहेर बंद. ब्रह्मा घाट इथून तीन मैल. अठ्ठावीस वर्षांत त्या तिकडे गेल्या नाहीत आणि तिकडून कुणी इकडे आलं नाही.

आज उपासनेनंतर त्यांच्याकडे गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “पादरीसाहेब, माझ्या भावाकडे जाल? विष्णूकडे? मी आजारी आहे, येऊन भेट, एवढंच सांगायचं.”

मी म्हटलं, “मंडळीतल्या मोहन मसीहना पाठवू का? ते त्या भागातले जाणकार.”

“नको. हिंदी बोलणाऱ्याला तो दारातूनच परत पाठवेल. तुम्हाला निदान मराठीतून नाही म्हणेल.”

बुधवार, १२ जानेवारी

मैदागिनपर्यंत रिक्षा, पुढं गल्ल्यांतून पायी. विष्णुशास्त्र्यांच्या घरी खालच्या दालनात मुलांची वेदांची संथा चालू होती. मी बाहेरच थांबलो. शास्त्री स्वतः बाहेर आले. पंचावन्न-छप्पन्नचे, किडकिडीत, बाईंचंच नाक. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः चौकटीच्या आत बसले.

“आपलं गाव?”

“मिरजेजवळ बेडग.”

“म्हणजे कृष्णेकाठचे.” मग मी बाईंचा निरोप सांगितला.

“माझी बहीण अडतीस साली गेली,” ते म्हणाले. “तिचं सगळं यथासांग केलं आहे. दर पितृपक्षात तिला पिंड देतो. आपण दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असाल.”

मी उठलो. चार पावलं गेल्यावर त्यांनी मागून विचारलं, “राहते कुठं ती बाई?”

मी सांगितलं, शाळेच्या आवारात, मागच्या बाजूला, विहिरीच्या डाव्या हाताची खोली.

“अजून डाव्याच हातानं लिहिते?”

मी हो म्हटलं. ते आत गेले. असल्या गोष्टीची चौकशी कशाला केली, मला उमजलं नाही. कठोर माणूस आहे.

शनिवार, १५ जानेवारी

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडतील. त्या हसल्या. “गेली म्हणाला ना? ते खरंच आहे. मला त्यानं जाळलंय.”

मग सांगितलं. बाप्तिस्म्यानंतर बाराव्या दिवशी विष्णुशास्त्र्यांनी दर्भाची एक बाहुली केली, तिला बहिणीचं नाव दिलं आणि मणिकर्णिकेवर नेऊन अग्नी दिला. “एका मुलीच्या आईनं पाहिलं आणि शाळेत येऊन मला सांगितलं. मी तेव्हा पाचवीला भागाकार शिकवत होते. तास संपेपर्यंत शिकवला. अठ्ठावीस वर्षांचा होता विष्णू. आई-वडील आधीच गेलेले. घाटावर एकटाच गेला होता, म्हणे. बरोबर कुणीही नाही.”

स्वतःबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नाही. तो एकटा गेला होता, हेच दोनदा म्हणाल्या.

येताना वाटलं, इंदूच्या आजारात हीच बाई चार महिने तिच्या उशाशी बसली. इंदूला मिरजेला जायचं होतं, आपल्या माणसांत. मी म्हणत असे, बरी हो, मग जाऊ. प्रवास झेपला नसता तिला. बाईंनी त्या वेळी मला एकदा म्हटलं होतं, “तिला विचारून तरी ठरवा.” पण डॉक्टरांचं मत माझ्यासारखंच होतं.

गुरुवार, २७ जानेवारी

दहा-बारा दिवस लिहिलं नाही. मंडळीच्या कारभाऱ्यांच्या सेशनची बैठक, दोन बाप्तिस्मे, छपराची दुरुस्ती.

आज दुपारी बाईंकडे एक नऊवारीतल्या बाई आल्या. विष्णुशास्त्र्यांची पत्नी प्रभावती. पितळी डब्यात मऊ भात आणि मेतकूट. त्या दारातच उभ्या होत्या. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “आत ये. मी आता कुणाला बाटवत नाही.” मग प्रभावतीबाई आत येऊन खाटेवर बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चार घास भरवले. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या आणि नणंदेनंच त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं, असं कळलं.

निघताना मला म्हणाल्या, “ह्यांना ठाऊक नाही हो मी आलेय ते. कृपा करून बोलू नका.”

“खोली कशी सापडली तुम्हाला?”

“विहिरीच्या डाव्या हाताला म्हणून ठाऊक होतं,” असं म्हणून लगबगीनं रिक्षात बसल्या. आवारात कुणीतरी दाखवली असेल.

मंगळवार, १ फेब्रुवारी

बाईंना आता अन्न राहत नाही. नंदा शाळा सुटली की त्यांच्याकडेच जाते.

आज संध्याकाळी त्यांनी नंदाला बाहेर पाठवलं आणि म्हणाल्या, “पादरीसाहेब, विष्णूकडे पुन्हा जा. माझं झालं की त्याला कळवा. त्याची तयारी असेल तर मला त्याच्या हवाली करा. मणिकर्णिकेवर.”

मी म्हटलं, “बाई, आणि तुमचा विश्वास?”

“तो आहे तिथंच आहे. प्रभूला मातीतून उठवता येतं, तर राखेतून नाही का येणार? हे मी माझ्यासाठी नाही सांगत. विष्णूनं गवत जाळलं आणि मी जिवंत आहे हे त्याला रोज ठाऊक होतं. पिंड देताना ठाऊक होतं. त्याला एकदा खरं करू द्या. नाही म्हणाला तर कब्रस्तानात ठेवा, मला चालेल. पण विचारा.”

“पाहू,” मी म्हटलं.

“पाहू नका. विचारा.”

घरी आलो. तीस वर्षं प्रार्थनेत बसलेली बाई. आमच्या कब्रस्तानात इंदूच्या शेजारी एक जागा आहे, ती मी मनातल्या मनात बाईंची धरली होती. इंदूला तिथं सोबत झाली असती. आता बाई जर असं म्हणतात, तर ज्यांना मी त्या मातीत ठेवलं त्यांना काय सांगू?

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

मोहन मसीहना, नाव न घेता, विचारलं. ते आमच्या मंडळीचे सगळ्यांत जुने वडील, म्हणजे एल्डर, रेल्वेत गार्ड होते. म्हटलं, आपल्यातल्या कुणी दहन मागितलं तर? वाटलं होतं भडकतील.

ते बराच वेळ मफलर सारखा करत बसले. म्हणाले, “पादरी साहब, बाइबिल में मनाही तो कहीं पढ़ी नहीं. लोग दो-चार दिन बोलेंगे, फिर चुप हो जाएँगे. मरने वाले की बात रखनी चाहिए.”

साधा माणूस आहे. लांबचा विचार करत नाही. आमची चाळीस घरं. शहर म्हणेल, अखेरीस बाई परत गेली. जे नुकते आले आहेत त्यांच्या मनाचं काय होईल? पाळकाला हे सगळं पाहावं लागतं.

रविवार, ६ फेब्रुवारी

उपासनेनंतर इंदूकडे जाऊन आलो. गवत काढलं. मंगळवारी ब्रह्मा घाटावर जायचं ठरवलं आहे.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

गेलो नाही. सकाळी निघणार होतो, पण डोकं जड होतं. दिवसभर घरीच बसून पुढच्या पत्रकाचं मनन लिहिलं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

हे लिहायचं नाही असं वाटत होतं. लिहितो.

बाईंचा आवाज आता जवळ वाकल्याशिवाय ऐकू येत नाही. मी आत जाताच म्हणाल्या, “विचारलंत?”

मी म्हटलं, “विचारलं.”

“काय म्हणाला?”

“नाही म्हणाले.”

मी ठरवून गेलो नव्हतो. शब्द तोंडातून गेले आणि मग ते परत घेण्याइतका अवधी होता, बराच होता, पण मी घेतले नाहीत. मनात आलं, ते नाहीच म्हणाले असते. मग आधी म्हटलं काय आणि नंतर काय. बाईंच्या जिवाची ओढाताण संपेल.

बाई म्हणाल्या, “बरं.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी स्तोत्र वाचलं. ऐकत होत्या की नाही, कळलं नाही.

सोमवार, १४ फेब्रुवारी

सकाळी सातला गेल्या. नंदा जवळ होती. मी पोहोचेपर्यंत संपलं होतं.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

दुपारी तीनला दफन. शाळेतल्या जुन्या मुली, आता पोराबाळांच्या आया झालेल्या, साठ-सत्तर तरी आल्या. त्यांत हिंदू किती, मुसलमान किती. मोहन मसीहनी उभं राहून सांगितलं की या बाईंनी या शहराच्या तीन पिढ्यांना गणित शिकवलं. मला नीट बोलता आलं नाही. लोकांना वाटलं दुःखानं.

इंदूच्या उजवीकडे ठेवलं.

बुधवार, १६ फेब्रुवारी

पत्रक या वेळी लवकर लिहून टाकलं. ‘बहन अन्नपूर्णा प्रभु में सो गईं. उनके मन में कोई इच्छा शेष न थी.’ दुसरं वाक्य खोडलं आणि मग पुन्हा लिहिलं.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

विष्णुशास्त्री आले होते.

दुपारी फाटकातून आत आले आणि विहिरीपाशी उभे राहिले. एकटे, अंगावर धाबळी. मी बाहेर गेलो. त्यांनी खोलीच्या बंद दाराकडे बोट केलं.

“सोमवारी म्हणे?”

“हो. सकाळी.”

“मला निरोप पाठवला नाहीत.”

मी म्हटलं, “आपण म्हणाला होतात की आपली बहीण अडतीस साली गेली.”

“म्हणालो होतो.” ते खाली पाहत राहिले. “मला वाटलं होतं आपण पुन्हा याल. महिनाभर संथा चालू असताना कान दाराकडे होते माझे. एकदा नाही म्हटलं म्हणून काय झालं? माणूस दुसऱ्यांदा विचारतो.”

त्यांनी धाबळी सावरली.

“माझ्यासाठी काही म्हणाली का शेवटी?”

त्या वेळी सांगता आलं असतं. ते माझ्यासमोर उभे होते, आवारात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, “शांतपणे गेल्या.”

त्यांनी मान हलवली, मला नमस्कार केला आणि चालत निघाले. रिक्षा बोलावतो म्हटलं तर नको म्हणाले.

रविवार, २० फेब्रुवारी

प्रवचनाला उभा राहिलो. उतारा पेत्रानं प्रभूला नाकारलं तो. मी निवडलेला नव्हता, क्रमानं आला होता. अर्ध्यावर थांबलो आणि गीत सांगितलं. तब्येत बरी नाही, असं लोकांना वाटलं. दोघीतिघींनी काढा पाठवला.

सोमवार, २१ फेब्रुवारी

जेवताना नंदा म्हणाली, “बाबा, बाई जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, विष्णू नाही म्हणाला, पण तुझ्या बाबांनी विचारलं, बरं वाटलं. काय विचारलं होतं तुम्ही?”

मी सांगितलं. सगळं नाही, बाईंची इच्छा तेवढी.

“कधी गेला होतात?”

“मंगळवारी. आठ तारखेला.”

तिनं ताट बाजूला सारलं. रागावली की ती पूर्ण हिंदीत बोलते. “उस दिन आप घर से निकले ही नहीं. मैं तीन बजे आई, आप इसी मेज़ पर बैठे लिख रहे थे.”

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“आपने पूछा ही नहीं न?”

“नंदा, तुझ्या आईशेजारी—”

“आई को भी कहाँ पूछा था आपने,” ती म्हणाली आणि उठून गेली.

तिचं हे म्हणणं अन्यायाचं आहे. इंदूची गोष्ट वेगळी होती. प्रवास झेपला नसता. हे इथं आधीही लिहिलं आहे. मागची पानं चाळून ते पुन्हा वाचलं आणि पुढं वाचवेना.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

ब्रह्मा घाटावर गेलो. संथा संपेपर्यंत ओट्यावर बसलो. विष्णुशास्त्री बाहेर आले आणि या वेळी चौकटीच्या आत न बसता ओट्यावर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसले.

मी पहिल्यापासून सांगितलं. बाईंनी एक तारखेला काय सांगितलं ते, मोहन मसीह हो म्हणाले ते, मंगळवारी मी आलो नाही ते. मग शनिवारचं.

ते म्हणाले, “तिचे शब्द सांगा. जसेच्या तसे.”

मी सांगितले. विष्णूनं गवत जाळलं. त्याला एकदा खरं करू द्या.

“पुन्हा सांगा.”

पुन्हा सांगितले. आतून प्रभावतीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. शास्त्र्यांनी तिसऱ्यांदाही सांगायला लावले.

“आणि तुम्ही तिला काय सांगितलंत?”

“आपण नाही म्हणालात, असं.”

“त्यावर ती?”

“बरं म्हणाल्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

प्रभावतीबाई आत निघून गेल्या. शास्त्री गुडघ्यांवर हात ठेवून बसले. गल्लीतून एक गाय गेली, तिला वाट द्यायला आम्ही दोघांनी पाय वर घेतले. मग ते म्हणाले, “मी हो म्हटलं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे. लोकांना भ्यालोही असतो. अठ्ठावीस वर्षं भ्यालोच होतो. पण मी काय म्हटलं असतं ते आता मला कधीच कळणार नाही. ते तुम्ही घेतलंत माझ्याकडून.”

मी क्षमा मागितली.

“ते तुमच्या देवाकडे मागा. माझ्याकडे आज नाही.” आणि आत वळून म्हणाले, “यांना पाणी द्या. लांबून आलेत.”

पाणी प्यालो आणि निघालो.

शनिवार, २६ फेब्रुवारी

पत्रक लिहिलं. ‘पिछले सप्ताह के पत्रक में मैंने बहन अन्नपूर्णा के विषय में असत्य लिखा.’ पुढं सगळं साध्या शब्दांत. मननाच्या चार ओळी लिहिल्या नाहीत. नंदानं वाचलं आणि एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं. दुसरं काही बोलली नाही.

रविवार, २७ फेब्रुवारी

पत्रक स्वतः वाचून दाखवलं. कुणी मान वर केली नाही. सेशनला पत्रही दिलं आहे की मला पाळक म्हणून ठेवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. बाहेर पडताना मोहन मसीह माझ्याजवळ थांबले. “साहब, हमसे तो पूछा था आपने. हमने हाँ कही थी.” रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचे डोळे भरलेले होते.

दुपारी कब्रस्तानात गेलो. फाटकाशी रिक्षा उभी होती. विष्णुशास्त्री आणि प्रभावतीबाई बाहेरच थांबले होते, आत यावं की न यावं या विचारात असावेत. मला पाहून शास्त्री म्हणाले, “कुठली?”

मी पुढं झालो. दगड अजून बसवला नाही, नुसता मातीचा उंचवटा आहे. बोटानं दाखवला आणि बाजूला सरलो. जवळच इंदू होती. तिच्याकडे मला पाहवेना.

त्यांनी चपला काढल्या. त्या वयाचा, त्या सोवळ्यातला माणूस, मातीत मांडी घालून बसला. मंत्र म्हणतील असं वाटलं होतं. ओठ हलले पण मंत्र आला नाही. उजवा तळहात त्यांनी ढेकळांवर टेकवला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, “अक्का, मी नाही म्हटलं नव्हतं गं. मला कुणी विचारलंच नाही.”

मग, तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, खाली वाकून पुन्हा तेच म्हणाले.